घाटवाटा आणि घुंगुरकाठी



डोंगरात धावण्याच्या वाटांचा इतिहास हा विषय मी कळविला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. मोंढ्यातल्या हमालांची संघटना बांधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने मजुरीवर बोलावे, दुष्काळावर बोलावे. डोंगरात पळणाऱ्या हौशी मंडळींशी त्याचा संबंध काय? शिवाय आपला मुलूख पठारी. आपण बालाघाटच्या रांगेवर बसलो आहोत, हे आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातून कळते; पायांना ते फारसे जाणवत नाही. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना शेवटच्या चढावर तेवढे जाणवते.

तेव्हा हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो.

माझा पुतण्या पुण्याकडे एका कारखान्यात कामाला आहे. त्याला पळण्याचा नाद. सडकेवरच्या पळण्याने त्याचे समाधान होत नाही, म्हणून तो सह्याद्रीत भरणाऱ्या शर्यतींना जातो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याने मला बरोबर नेले, आपली पिशवी सांभाळायला. हमालांच्या पुढाऱ्याला एवढे काम जमायलाच हवे. पहाटेच्या अंधारात एका घाटवाटेच्या माथ्यावर आम्ही उभे होतो. कपाळाला दिवा, छातीला आकडा, पाठीला पाण्याची थैली अशी शेदोनशे तरुण मुले-मुली इशारा होताच त्या वाटेने खाली उतरू लागली आणि पाहता पाहता दिव्यांची एक हलती माळ दरीत गेली. मोठे सुंदर दृश्य होते, हे कबूल केले पाहिजे. उजाडल्यावर माझ्या हातातली माहितीपुस्तिका मी वाचली. वाटेची लांबी, चढ किती, उतार किती, पाणी कोठे मिळेल, सगळे त्यात होते. बूट विकणाऱ्यांचे आभार होते, डॉक्टरांचे होते, छायाचित्रकारांचे होते. मग मी वाटेकडे पाहिले. कातळात पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी मधोमध झिजून तिला ताटलीसारखा खोलगटपणा आला होता. एका शर्यतीने पायरी अशी झिजत नसते. त्या झिजेचा हिशेब पुस्तिकेत नव्हता, आणि माझ्यासारख्या हिशेब मागण्याची सवय लागलेल्या माणसाला तो मागितल्यावाचून राहवेना.

माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा हमालांच्या कट्ट्यावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाली. तेव्हा जे सांगतो आहे ते विद्वानाचे संशोधन म्हणून ऐकू नका. ओझ्याची ओळख असलेल्या माणसाने पुस्तके वाचली तर त्याला त्यांत काय दिसते, एवढेच ऐका.

हा खेळ आज जगात सर्वांत गाजतो तो आल्प्स पर्वतात. माँ ब्लाँ या शिखराला वळसा घालणारी एक शर्यत २००३ साली सुरू झाली. फ्रान्समधील शामोनी गावातून निघायचे, इटलीत उतरायचे, स्वित्झर्लंडमधून परत फ्रान्समध्ये यायचे. अंतर सुमारे १७० किलोमीटर, आणि सगळे चढ एकावर एक ठेवले तर सुमारे १०,००० मीटर भरतात. पहिल्या क्रमांकाचे धावपटू वीस तासांच्या आसपास हे अंतर तोडतात. बाकीच्यांना दोन रात्री डोंगरात काढाव्या लागतात. तिथून दक्षिणेला इटलीत ग्रान पारादिसो नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९२२ साली झालेले ते इटलीतले पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथील डोंगरी वाटांची कथा मला फार बोलकी वाटली. दुसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएल राजाने १८५६ साली तो मुलूख आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला. डोंगरी बोकडाची शिकार करायची, पण राजाने पायपीट करायची नाही, म्हणून घोड्या-खेचरांना चालता येतील अशा दगडी वाटा बांधल्या गेल्या. त्यांची लांबी ३०० किलोमीटरांहून अधिक भरते. चढ सौम्य ठेवून वळणे घेत घेत त्या थेट उंच खिंडींपर्यंत जातात. आज त्या उद्यानातले पदयात्री आणि धावपटू त्याच वाटा वापरतात, आणि तिकडच्या एका शर्यतीच्या नावातही 'राजेशाही' शब्द आहे. राजाचे नाव वाटेला चिकटून राहिले. दगड ज्यांनी रचले त्यांचे राहिले नाही.

युरोपात असे झाले म्हणून आपण हसण्याचे कारण नाही. आपला हिशेब त्याहून जुना आहे आणि त्यातली बाकीही मोठी आहे.

आधी वाट होते कशी ते पाहू. डोंगरातली वाट नकाशावर आखली जात नाही, ती पायांनी निवडली जाते. गुरे आणि माणसे चढताना आपोआप असा कल धरतात की दम टिकावा. सरळ चढ आला की वाट आडवी होते, मग वळते. सोंडेवरून चढायचे, कारण तिथे पावसाचे पाणी थांबत नाही. खिंडीत ओलांडायचे, कारण तिथे डोंगराची उंची कमी असते. नाळेने उतरायचे ते उन्हाळ्यात, पावसाळ्यात तिथून दगड येतात. घसारा टाळायचा, पाण्याचे टाके टाळायचे नाही. एवढे शहाणपण एका पिढीत येत नाही. शिवाय वाट एकदा पाडली की कायमची राहत नाही. सह्याद्रीत कारवी अशी माजते की दोन पावसाळे कोणी फिरकले नाही तर वाट बुजून जाते. म्हणजे वाट जिवंत राहते ती रोजच्या ये-जा करणाऱ्याच्या पायांवर. मोळी घेऊन उतरणारी बाई, दुधाची किटली घेऊन चढणारा गवळी, मेंढरांमागचा धनगर, हे तिचे खरे दुरुस्ती खाते.

आता जुन्या काळाकडे वळू, आणि आपल्याच उंबऱ्यापासून सुरुवात करू. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर आपणा सर्वांना गोरोबाकाकांमुळे ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वर्णनात ह्याच तेरचा 'तगर' म्हणून उल्लेख येतो. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर आहे, तेथून कापड भडोचच्या बंदराला जाते, आणि तो माल नीट रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून येतो, असे तो सांगतो. देशावरचा माल कोकणातल्या कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना उतरवायचा तर सह्याद्रीची भिंत ओलांडावी लागे. त्या भिंतीतली एक प्रसिद्ध फट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची लेणी आहे. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा मोठा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गायी दिल्या, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण, हे सारे आकड्यांनिशी कोरलेले आहे. राजघराण्यातील माणसांच्या मूर्तीही तिथे होत्या. मूर्ती केव्हाच नष्ट झाल्या. त्यांच्यावर कोरलेली नावे मात्र उरली. बाहेर एक भला मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असे लोक सांगतात. म्हणजे पहा: दान देणाऱ्याचे नाव आहे, दानाचा आकडा आहे, जकातीचा रांजणसुद्धा आहे. घाट फोडणारा आणि पाठीवर गाठोडे घेऊन तो चढणारा, ह्यांच्याबद्दल त्या भिंतीवर एक अक्षर नाही. मला त्यात राणीचा दोष दिसत नाही. हिशेबाची वही मालकाच्या घरी असते, तेव्हा त्यात मालकाचाच खर्च लिहिला जातो.

ओझे वाहणारा चालतो, धावणारा निराळा. धावणाऱ्याच्या हाती बातमी असते.

ह्या धावणाऱ्यांचे पहिले नीट वर्णन आपल्याकडे मिळते ते इब्न बतूता ह्या मोरोक्कोच्या प्रवाशाच्या ग्रंथात. चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या कारकिर्दीत, तो हिंदुस्थानात आला. हाच तो तुघलक, ज्याने १३२७ साली आपल्या देवगिरीची दौलताबाद करून तिथे राजधानी आणली. इब्न बतूता सांगतो की सुलतानाचे टपाल दोन प्रकारचे होते, घोड्यांचे आणि पायांचे. आणि ह्यांत पायांचे टपाल अधिक वेगवान होते. मैलाचे तीन भाग केलेले. प्रत्येक भागाच्या शेवटी वस्ती, वस्तीबाहेर चौकी, चौकीत कंबर कसून बसलेली माणसे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी आणि काठीच्या टोकाला तांब्याची घुंगरे. लांबून घुंगरांचा आवाज आला की पुढच्या चौकीतला माणूस उठून सज्ज होई, पत्र हातात पडताच जीव खाऊन धावत सुटे. सिंधहून दिल्लीला यायला प्रवाशाला पन्नास दिवस लागत. बातमी पाच दिवसांत पोचे.

ह्याच टपालाने खुरासानातली फळे सुलतानाच्या ताटात ताजी येत. आणि सुलतान दौलताबादेस असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी धावणाऱ्यांच्या हातून येई, चाळीस दिवसांच्या वाटेवरून. उत्तरेतून येणारी ती वाट सातपुडा ओलांडून, तापीचे खोरे पार करून, अजिंठ्याच्या डोंगराने वर चढल्यावाचून आपल्या पठारावर येत नाही. मी हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्यासाठी लागणाऱ्या धावपळीची माहिती द्यावी लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते आपण डोळ्यांनी पाहिले. पण एका माणसाच्या घोटासाठी हजार मैलांवर पायांची साखळी उभी करणे, आणि ती साखळी घोड्यापेक्षा वेगवान ठरणे, ह्यात सत्तेचे आश्चर्य जेवढे आहे त्याहून मला पायांचे अधिक वाटते. घोडा डोंगरात अडखळतो, त्याला दाणा लागतो, पाणी लागते. धावणारा तिसऱ्या हिश्श्याचा मैल छाती फुटेपर्यंत धावून चौकीत बसतो, आणि पुन्हा घुंगरू वाजण्याची वाट पाहतो. त्याला काय मिळत होते, तो किती वर्षे टिकत होता, हे इब्न बतूताने लिहिले नाही. तो स्वतः सुलतानाचा काझी होता आणि त्याचा स्वतःचा पगार मात्र त्याने व्यवस्थित लिहून ठेवला आहे.

मराठेशाहीत ह्या धावणाऱ्यांना जासूद म्हणत, हरकारे म्हणत, कासीद म्हणत. गडकोटांच्या राज्याला ते फार लागत. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे, त्यात वाटांचा विचार किती बारकाईने केला आहे ते पाहावे. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्या असे ते बजावतात. राज्य वाचायचे असेल तर कोणालाही ठाऊक नसलेली एक वाट हवी, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

त्या अनुभवांतला सर्वांत मोठा म्हणजे १६६० सालच्या जुलैची पन्हाळ्याची रात्र. ती कथा इथे बसलेल्या लहान मुलांनाही पाठ आहे, म्हणून मी ती सांगत बसत नाही. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला. १२ जुलैच्या रात्री, आषाढाच्या पावसात, महाराज वेढ्यातून निसटले आणि मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे निघाले. साठ किलोमीटरांच्या आसपासची वाट. परंपरा सांगते की महाराज पालखीत होते, आणि दुसऱ्या पालखीत शिवा काशीद त्यांच्या वेषात बसून शत्रूच्या हाती गेला आणि मरण पावला. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसे उभी राहिली. ह्या सर्वांना आपण विसरलो नाही, हे चांगले झाले.

माझी नजर जाते ती पालखीच्या दांड्याकडे. ओझ्याचे गणित मला कळते, म्हणून सांगतो. खांद्यावर दांडा घेऊन चालणाऱ्याचा जोर चढापेक्षा उतारावर अधिक लागतो. चढाला छाती भरते, उताराला मांडीचे आणि गुडघ्याचे पाणी होते. पुढचा खाली गेला की सगळा भार त्याच्यावर येतो, आणि मागच्याला पुढची वाट दिसत नाही. पायाखाली पठाराचा चिखल, पुढे ओढे, वरून आषाढाची झड, मशाल पेटवायची सोय नाही. अशा स्थितीत खांदा बदलत, पाय न घसरू देता, धावत सुटायचे. हे काम ज्यांनी केले ते खांदेकरी कोण होते? जासुदांनी आधी वाट हेरून ठेवली असली पाहिजे, एरवी अंधारात हे होणे नाही. ते जासूद कोण? आज दर पावसाळ्यात हजारो लोक पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायी जातात, काही धावतही जातात, आणि कोरड्या बुटांनिशी सुरुवात करूनही मसाईच्या पठारावर त्यांची काय अवस्था होते ते त्यांना विचारा. पोचल्यावर ते बाजीप्रभूंचा जयजयकार करतात. मी गेलो होतो तेव्हा मीही केला. मग मनात एक जयजयकार खांद्यांचाही करून टाकला. तो कोणाला ऐकू गेला नाही.

इंग्रजी अमलात घाट फोडण्याचे काम निराळ्या मापाने सुरू झाले. बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी चढली. त्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी की साहेबाला घाटातून वाट सापडत नव्हती, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली; आणि बक्षीस म्हणून, दुसऱ्या कोणाला दाखवू नये अशासाठी, त्याला गोळी घातली गेली. कथेचा कागदी पुरावा मागणाऱ्याने मागावा. मला एवढे दिसते की जाणारा-येणारा आजही तिथे नाणे टाकतो, म्हणजे वाटेचे ऋण कोणाचे ह्याची लोकांनी स्वतःपुरती नोंद करून ठेवली आहे. त्याच रेल्वेच्या कामावर १८६१ साली चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती, आणि त्याआधी १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी मजुरांनी तिथे दंगा केला होता. माझ्या धंद्याच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा प्रसंग. पण तो आगगाडीचा विषय झाला आणि मी घसरलो. परत पायवाटेवर येतो.

आगगाडी आली तरी स्टेशनापुढचे टपाल पायांवरच होते. टप्प्याटप्प्याने धावणारा टपालवाला ही इंग्रजांनी जुन्या हरकाऱ्याचीच केलेली सरकारी आवृत्ती. पाच-सहा मैलांचा टप्पा, खांद्यावर भाला किंवा काठी, तिला बांधलेली थैली आणि तीच ती घुंगरे. आता घुंगरांचे काम पुढच्या चौकीला जागे करणे एवढेच नव्हते. जनावराला दूर ठेवणे हेही होते. रानातल्या टप्प्यांवर रात्री मशालजी बरोबर देत. तरी वाघाने टपालवाला नेल्याच्या हकिगती जुन्या टपालाच्या इतिहासात जागोजाग येतात.

१८५४ साली मोठी सुधारणा झाली. तोपर्यंत पत्राचा दर अंतरावर असे. कलकत्त्याहून मुंबईला पत्र धाडायचे तर तोळ्याला रुपया पडे. १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. गरिबाला पत्र लिहिता येऊ लागले, ही गोष्ट निर्विवाद मोठी. परंतु मी तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहतो. पूर्वी पत्र लिहिणारा मैलांचे पैसे मोजत असे, म्हणून मैल आहेत हे त्याला ठाऊक असे. अर्ध्या आण्याने मैल किमतीतून नाहीसे झाले. धावणाऱ्याच्या पायांतून ते नाहीसे झाले नाहीत. घाट तेवढाच उंच राहिला, फक्त तो कोणाला दिसेनासा झाला.

जेफ्री क्लार्क नावाच्या, टपालखात्याच्या मुख्याधिकारी राहिलेल्या साहेबाने १९२१ साली हिंदी टपालाचा इतिहास लिहिला. पुस्तक वाचनीय आहे. धावणाऱ्या टपालवाल्यांच्या इमानाचे त्यात कौतुक आहे. वाघाला आणि चोराला हा माणूस भीत नाही, थैली टाकून पळत नाही, असे तो म्हणतो. पण त्याचे कारण काय देतो? हे लोक रानटी जमातींतले, भुताखेतांवर विश्वास ठेवणारे, त्यांच्या लेखी टपालाची थैली म्हणजे एक दैवत, म्हणून ते ती जिवापाड जपतात. माझ्या मते थैलीत कोणाच्या तरी लेकराची खुशाली आहे, हे कळायला माणसाने विलायतेत शिकावे लागत नाही. साहेबाने इमान ठेवले तर ते कर्तव्य, मजुराने ठेवले तर ती अंधश्रद्धा. ही वाटणी मला माझ्या कामात अनेकदा भेटलेली आहे, आणि ती करणारे सगळे साहेब गोरे नव्हते.

आपल्याकडे निजामाच्या संस्थानाचे टपाल वेगळे होते. १८६९ पासून हैदराबादची स्वतःची तिकिटे निघत. संस्थान गेले, टपाल एक झाले, गावोगाव मोटारी आल्या. तरी माझ्या लहानपणी आमच्या खेड्याचे टपाल पायीच येई. ते आणणाऱ्या गृहस्थांना आम्ही पोरे टपालमामा म्हणत असू. रोज आठ किलोमीटर येणे आणि आठ जाणे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की थैली डोक्यावर धरून ते पलीकडे येत आणि मगच स्वतःचे कपडे पिळत. मी एकदा त्यांना विचारले, "मामा, तुमच्या काठीला घुंगरं नाहीत?" ते म्हणाले, "घुंगरं माझ्या आधीच्याला होती बाबा. माझ्यापाशी यायच्या आत ती गळाली. मला नुसती काठी मिळाली."

त्या वेळी मला ते गमतीचे वाटले. पुढे कायदा वाचू लागलो तेव्हा त्याचा अर्थ लागला. खेड्यापाड्यांतले टपाल नेणारी ही माणसे खात्याची नोकर मानली जात नसत. त्यांना 'खात्याबाहेरचे' असे नाव होते. धावणारा खात्याबाहेरचा, शाखा टपाल कार्यालय चालविणाराही खात्याबाहेरचा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे सरकारी पद आहे, त्यांना वाटेल तसे काढून टाकता येणार नाही. तो निकाल मोठा होता. पण पद मानले तरी नियमित नोकर मानले गेले नाही. आता त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात, आणि त्यांना जे मिळते त्याला पगार न म्हणता वेळेशी जोडलेला भत्ता म्हणतात. शब्द लहान असतो, त्याची किंमत म्हातारपणी कळते. २०१८ च्या मे-जूनमध्ये ह्या लोकांनी देशभर संप केला, तेव्हा भत्त्याची सुधारणा झाली. आणि पायी टपाल हा प्रकार संपला असे कोणी समजू नये. हिमालयात स्पितीच्या खोऱ्यात हिक्कीम हे गाव चौदा हजार फुटांवर आहे. तिथून टपाल पायीच खाली काझाला नेत आले आहेत. आल्प्समध्ये ज्या उंचीला धावपटू खिंडीवर पोचला म्हणून घंटा वाजवितात, त्याहून कितीतरी वर हा माणूस रोजचे काम म्हणून चालतो.

राष्ट्रीय उद्यानांचा विषय राहिला. सह्याद्रीत चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान २००४ साली झाले, ३१७ चौरस किलोमीटरांचे. २०१० साली ते आणि कोयनेचे अभयारण्य मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशात जागा मिळाली, त्यात चांदोली, कोयना, राधानगरी आणि कास आहेत. रान राखले पाहिजे, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही; कोयना-कृष्णेचे पाणी त्या रानातूनच येते. पण रानाच्या पोटात गावे होती. धरणाने काही उठविली, अभयारण्याने काही. त्या माणसांना जमिनीसाठी श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे रस्त्यावर बसावे लागले. गाव उठले की गावच्या वाटा बुजतात. ज्या वाटा रानाबाहेर राहिल्या त्यांवर शर्यती भरतात. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात धावणाऱ्यांची जत्रा भरते, तिला देशभरातून माणसे येतात. ह्या जत्रेने वाटसरूला चहा-भाकरी विकणाऱ्याच्या हाती चार पैसे येतात, हेही मी नाकारत नाही. माझे म्हणणे एवढेच की वाट जिची आहे तिला त्या पुस्तिकेत एक ओळ तरी मिळावी, आणि कारवी तोडणाऱ्याला त्या दिवसाची पुरी मजुरी मिळावी. दोन्ही मागण्या माफक आहेत. संघटनेच्या भाषेत सांगायचे तर ह्यावर तडजोड होऊ नये.

पाय कोणाचे असतात तेही पाहा. आपल्या बालाघाटातलाच अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटर दूर होती आणि वाहन नव्हते, म्हणून तो धावत जाई. पुढे सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत त्याने २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्याचा सराव कोणी घेतला असे विचारले तर पहिले उत्तर शाळेची वाट हेच द्यावे लागेल. तिच्यावर एस. टी. असती तर बरे झाले असते असेही मला वाटते, आणि पदक मिळाले हे बरे झाले असेही वाटते. दोन्ही एकदम वाटते.

त्या पहाटेच्या घाटमाथ्यावर परत जाऊन संपवितो. पुतण्या दुपारी वर आला, गुडघा फुटलेला, पण चेहरा असा की जणू लग्न ठरले आहे. तो येईपर्यंत मी ताक विकणाऱ्या एका म्हातारीजवळ बसून होतो. पुस्तिकेत त्या वाटेला एक आकडा दिलेला होता. मी विचारले, "आजी, ह्या वाटेला नाव काय?"

तिने ताकाचा पेला माझ्या हातात दिला, दरीकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "नाव कशाला लागतंय? ह्या वाटंनं मी नांदाया आले. खालनं, कोकणातनं. डोईवर पेटी हुती."